चेहरा सोडून सगळं

मावसबहिणीच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. मनगटभर हिरव्या काचेच्या बांगड्या, आणि त्यांच्या मधोमध एक निराळीच बांगडी. बोटभर रुंद, दोन्ही कडांना सोनेरी रेघ, मधल्या पट्ट्यावर काळे-पांढरे उभे चौकोन, सोनेरी भोवरे आणि मोरपिसाच्या डोळ्यासारखे निळे-हिरवे गोल. ओटी भरताना मावशीने तिचा हात तसाच धरून ठेवला आणि चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"सोन्याची आहे का गं?"

"नाही हो मावशी, इनॅमलची. व्हिएन्नाहून आणलीय ह्यांनी. क्लिम्ट नावाचा चित्रकार होता ना, त्याच्यावरून केलेली."

मावशीने जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी केली. इनॅमल म्हटलं की तिला निळ्या काठाचा पांढरा किडनी ट्रे आठवतो. "म्हणजे आमच्या ट्रेसारखंच की!" ती म्हणाली आणि बायका हसल्या. सून बिचारी जरा खट्टू झाली. पण मावशीचं बरोबर होतं. ट्रेला खाली लोखंड, बांगडीला सोन्याचा मुलामा दिलेला धातू, एवढाच काय तो फरक. वर जे चकाकतं ती दोन्हीकडे काचच. दळलेली काच धातूवर पसरायची आणि भट्टीत वितळवून तिथेच बसवायची. त्या मनगटावरच्या हिरव्या बांगड्या आणि ही परदेशी पाहुणी एकाच जातीच्या होत्या म्हणायच्या.

हे काम जवळून बघायला मिळालं ते झवेरी बाजारात, एका अंधाऱ्या जिन्याच्या इमारतीत. कारागीर बंगालकडचा होता, हिंदी मोडकं आणि बोलणं त्याहून कमी. खलात काच खलत होता. पाणी घालायचं, खलायचं, वरचं दुधाळ पाणी ओतून टाकायचं, पुन्हा पाणी. पाणी नितळ दिसेपर्यंत हेच. बारीक धूळ राहिली तर रंग गढूळ होतो. मग तो ओला रवा सळईच्या टोकाने उचलून सोन्यात कोरलेल्या खळग्यांत भरायचा. भरला की कागदाच्या तुकड्याने पाणी टिपून घ्यायचं आणि भट्टीच्या तोंडाशी सुकत ठेवायचं. ओल राहिली तर वाफ होऊन सगळं उडतं. भट्टीत साधारण 750 ते 850 अंश सेल्सिअसची धग, आणि आत मुक्काम मिनिटा-दोन मिनिटांचा.

मला खरी गंमत वाटली ती पुढे. भरताना रंग दिसतच नाही. लाल म्हणून जे भरलं ते फिकट मातकट होतं, आणि निळ्या-हिरव्यातला फरक ओळखायचा तर डब्यांवर लिहिलेलं वाचावं लागत होतं. भट्टीतून दागिना बाहेर आला तेव्हा तर सगळंच काळपट, बिघडल्यासारखं. माझा चेहरा बघून तो नुसता हसला. मग निवता निवता एकेक रंग जागेवर आला. आधी पांढरा, मग निळा, आणि सगळ्यात शेवटी लाल, डाळिंबाच्या दाण्यासारखा. लाल उष्णतेला नाजूक, म्हणून तो भरायचाही शेवटी. जयपूरच्या मीनाकामात, म्हणजे आपल्याकडच्या इनॅमलात, लालाचा एवढा मान आहे तो यासाठीच. त्याच मीनाकामाची आणखी एक रीत मला फार आवडते. कुंदनाच्या हाराची पुढची बाजू खड्यांची असते, आणि फुलापाखरांचा मीना बहुतेक वेळा मागच्या बाजूला असतो. म्हणजे जी बाजू जगाला दिसत नाही, नुसती अंगाला लागते, तिच्यावर.

मीनाकाराला रंग कालवताही येत नाहीत. चित्रकार निळ्यात पिवळा मिसळतो आणि हिरवा करतो. काचेच्या रव्यात निळा आणि पिवळा मिसळला तर भट्टीतून हिरवा निघत नाही, निळे-पिवळे ठिपके निघतात. प्रत्येक रंग आपापल्या घरात राहणार, मध्ये धातूची भिंत किंवा तार. त्यामुळे एखाद्या चित्रकाराला इनॅमलमध्ये आणायचं ठरवलं की पहिला बळी जातो त्याच्या कुंचल्याचा. हाताचा झपाटा, एका रंगातून दुसऱ्यात विरघळत जाणं, यातलं काही येत नाही. येतं ते रेघांत बांधलेलं.

उलटा प्रवासही झालेला आहे. लुई आंक्तें आणि एमिल बेर्नार या चित्रकारांनी 1880च्या दशकाच्या शेवटी जाड काळ्या रेघांत सपाट रंग भरायला सुरुवात केली, तेव्हा एदुआर द्युजार्दें या समीक्षकाने 1888 साली त्या चित्रांना नाव दिलं ते थेट तारांच्या मीनाकामावरून, क्लोइझोनिझम. चित्रकारांनी मीनाकाराकडून उसनं घेतलं, मीनाकारांनी चित्रकारांकडून. कुणाचं देणं कुणाकडे निघतं याचा हिशेब लावायला बसलं तर वही पुरायची नाही.

क्लिम्टच्या बाबतीत तर हा हिशेब घरातच सुरू होतो. त्याचे वडील एर्न्स्ट सोन्यावर कोरीवकाम करणारे. मुलांत गुस्ताफ, म्हणजे हाच क्लिम्ट, आणि बापाच्याच नावाचा एर्न्स्ट चित्रकार झाले, आणि धाकटा गेओर्ग धातूकामात रमला. क्लिम्टच्या 1901 सालच्या 'जुडिथ'ची चौकट गेओर्गने घडवलेली. त्या जुडिथच्या गळ्यात जो सोनेरी पट्टा आहे, तो इतका रुंद आणि आवळ आहे की डोकं धडापासून वेगळं काढून ठेवल्यासारखं वाटतं. बापाच्या हाताखालची हत्यारं बघत वाढलेल्या माणसालाच असा दागिना रंगवता येईल, असं मला उगीचच वाटतं.

'चुंबन' हे 1907-08चं चित्र व्हिएन्नाच्या बेल्व्हेडेर राजवाड्यात आहे. 180 सेंटिमीटरचा चौरस. समोर कायम गर्दी आणि गर्दीच्या हातात फोन. मला समोरून ते धड दिसलंच नाही. भिंतीला जवळजवळ चिकटून तिरकं उभं राहिल्यावर दिसलं की काही ठिकाणी सोनं पृष्ठभागावर उठून आलेलं आहे, लेप दिल्यासारखं. पुरुषाच्या झग्यावर काळे, पांढरे, रुपेरी चौकोन. बाईच्या वस्त्रावर रंगीत गोल, फुलांचे झुबके. त्याचा चेहरा जवळजवळ दिसतच नाही. तिचे डोळे मिटलेले. आणि खाली ती फुलांची जमीन जिथे संपते, तिथे तिच्या पावलांची बोटं आवळलेली आहेत. सगळ्या सोन्यात तेवढीच एक जागा खरीखुरी हाडामांसाची आणि धास्तावलेली. हे चित्र 1908च्या प्रदर्शनातच सरकारने विकत घेतलं. म्हणजे क्लिम्टला उपेक्षेचं दुःख वगैरे फारसं नव्हतं. विद्यापीठासाठी केलेल्या चित्रांवरून शिव्या खाऊन झाल्या होत्या, पण सोन्याच्या चित्रांना गिऱ्हाईक होतं.

दागिन्यांच्या जगात तो आधीच होता. योझेफ हॉफमान आणि कोलो मोझर यांनी 1903 साली 'वीनर वेर्कश्टेट' ही कारागिरांची संस्था काढली. तिथली पदकं, साखळ्या क्लिम्ट आपली मैत्रीण एमिली फ्लोगे हिला भेट देई, आणि ते दागिने घालून ती, स्वतःच्या सैलसर झग्यांत, फोटोला उभी राही. ब्रसेल्समधल्या स्टोक्ले वाड्याच्या जेवणघरासाठी त्याने भिंतचित्राचे आराखडे काढले, तेही रंगात झाले नाहीत. संगमरवर, काच, सोनं आणि इनॅमल यांत कारागिरांनी ते बसवलं. त्या आराखड्यांचे कागद व्हिएन्नाच्या संग्रहालयात बघायला मिळतात. कडेला क्लिम्टने कारागिरांसाठी सूचना लिहिलेल्या आहेत, कुठे कोणतं साहित्य घ्यायचं याच्या. रंगवणारा माणूस दुसऱ्याच्या हातावर भरवसा टाकून बाजूला उभा आहे, हे त्या कागदांवर दिसतं.

म्हणून व्हिएन्नात कुणीतरी क्लिम्टला इनॅमलमध्ये उतरवणार हे व्हायचंच होतं. मिखाएला फ्राय हिने 1951 साली तिथे इनॅमलची कार्यशाळा काढली. आज ती फ्रायविले नावाने ओळखली जाते, आणि चित्रकारांना वाहिलेल्या दागिन्यांच्या मालिका ही तिची खासियत. क्लिम्ट, मुखा, मोने, हुंडर्टवासर, प्रत्येकाच्या नावाची एक मालिका. डोहाळजेवणातली बांगडी त्यांतलीच.

मी ती पुढे निवांत हातात घेऊन बघितली. वजन बेताचं, वरून बोट फिरवलं तर रेघ लागत नाही, सगळं एकसंध गुळगुळीत. क्लिम्टचं उठलेलं सोनं इथे सपाट झालेलं. आणि बघता बघता लक्षात आलं की या बांगडीत माणूसच नाही. 'चुंबना'तून त्याचा झगा घेतला, तिचं वस्त्र घेतलं, फुलं घेतली. चेहरे राहिले, हात राहिले, ती आवळलेली बोटं राहिली. क्षणभर वाटलं, हे काय, लग्नघरातून मांडव तेवढा उचलून आणला! पण मग वाटलं, चेहरा आणला असता तर? बोटभर रुंदीच्या पट्टीवर मिटलेले डोळे, वर आमटीचा हात, खाली साबण. ते बघवलं नसतं. चेहरा सोडून बाकी सगळं घेण्यात एक अदब आहे. पण सगळ्यांच्या बाबतीत ती लागू पडत नाही. मोनेकडे सोडण्यासारखा चेहरा नाही आणि उचलण्यासारखी किनारही नाही, नुसता उजेड आहे, एका रंगातून दुसऱ्यात सांडणारा. त्याच्या कमळांना चौकटीत बसवलं की ती शोभेची कमळं होतात. मला ती मालिका पटत नाही, कारागिरी कितीही सफाईदार असो.

मुखाचं मात्र जमतं. जमणारच, कारण त्याच्या चित्रांत जाड रेघेची तार आधीपासूनच होती. आणि त्याच्या बाबतीत चित्रावरून दागिना ही गोष्ट त्याच्या डोळ्यांदेखत घडली. अल्फोन्स मुखा मोरावियातल्या इव्हान्चित्से गावचा, जन्म 1860चा. पॅरिसमध्ये किरकोळ कामं करत होता. 1894च्या नाताळात नटी सारा बर्नारच्या 'जिस्मोंदा' नाटकासाठी घाईघाईने पोस्टर हवं होतं, ते त्याच्याकडे आलं. 1 जानेवारी 1895ला ते पॅरिसच्या भिंतींवर लागलं, आणि साराबाईंनी त्याला सहा वर्षांच्या कराराने बांधून घेतलं. 1898 साली 'मेदे' आलं. स्वतःची मुलं मारणारी मेदेआ. पोस्टरवर ती ताठ उभी, डोळे विस्फारलेले, हातात रक्ताळलेला खंजीर आणि हाताला वेटोळं घातलेला सोन्याचा साप. हा साप मुखाने कागदावर काढला होता. साराला तो इतका भावला की जॉर्ज फुके या जवाहिऱ्याकडून तो खरा घडवून घेतला, 1899 साली. सोनं, इनॅमल, ओपल, माणकं, हिरे. सापाचं तोंड हाताच्या पाठीवर, आणि तिथून साखळ्यांनी जोडलेली बोटातली अंगठी.

आता यात वंदन कुणाचं कुणाला? मुखाने साराला रेखाटलं, साराने मुखाच्या रेघेला सोन्यात ओतलं, फुकेने दोघांची हौस भागवली. नाटकातल्या बाईच्या हातावरचा कागदी दागिना बाहेर येऊन नटीच्या हातावर चढला. पुढे फुके आणि मुखा यांनी 1900च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी एकत्र दागिने केले. भलेमोठे, साखळ्या लोंबणारे, घालून दारातून आत शिरायची पंचाईत व्हावी असे. मुखा दागिना काढायचा तो चित्रातल्या बाईसाठी. चित्रातल्या बाईला बसावं-उठावं लागत नाही. फुकेचं र्यू रोयालवरचं दुकानही मुखाने सजवलं, मोरांसकट. ते 1901 साली उघडलं, 1923 साली फॅशन बदलली म्हणून काढून टाकलं. पण फुकेने तुकडे जपून ठेवले, आणि आज अख्खं दुकान कार्नावाले संग्रहालयात पुन्हा उभं आहे. विकायला मात्र काही नाही. तो साप निघून गेला जपानमध्ये. ओसाकाजवळच्या साकाई शहरात, जिथले सुऱ्या घडवणारे लोहार प्रसिद्ध आहेत, तिथे मुखाच्या नावाच्या संग्रहालयात तो आहे.

साप जपानमध्ये गेला हेही ठीकच झालं. कारण पॅरिसच्या जवाहिऱ्यांनी तिथून मुबलक घेतलेलं होतं. 1860च्या दशकात अलेक्सी फालीझ आणि मीनाकार आंत्वान तार यांनी सोन्याच्या तारांत इनॅमल भरून पदकं आणि हार केले, त्यांवरचे पक्षी आणि फांद्या होकुसाईच्या चित्रवह्यांसारख्या जपानी छापील पुस्तकांमधून आलेल्या. होकुसाई 1849 साली वारला होता. आपल्या पुस्तकांतली पाखरं पॅरिसच्या बायकांच्या गळ्यात जाऊन बसतील हे त्याच्या स्वप्नातही आलं नसणार.

या सगळ्या गोष्टी वाचताना मला राहून राहून आपल्याकडचं 1894 साल आठवतं. मुखाला पोस्टरचं काम मिळालं त्याच वर्षी राजा रविवर्म्याने मुंबईत आपला छापखाना काढला. तंत्र तेच, दगडावरून रंगीत छपाई. पॅरिसमध्ये दगडावरून नाटकातली नायिका उतरत होती, मुंबईत लक्ष्मी आणि सरस्वती. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, त्यातल्या जर्मन तंत्रज्ञाकडे, फ्रिट्झ श्लायशरकडे, त्याची मालकी गेली, आणि ती चित्रं घराघरांत देवघराच्या वर लागली. आणि तिथे बायकांनी जे केलं ते मला कुठल्याही व्हिएन्नाच्या बांगडीइतकंच मोलाचं वाटतं. त्यांनी ती चित्रं सजवली. रविवर्म्याच्या देवीच्या लुगड्यावर खरं कापड चिकटवलं, काठाला खरी जर, गळ्यात मणी, मुकुटावर चमचम. अशी सजवलेली चित्रं आता संग्रहालयांत जाऊन पोचली आहेत आणि अभ्यासक त्यांच्यावर लिहितात. करणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत.

आमच्याकडेही एक होती, कमळावरची लक्ष्मी. आजीने स्वतःच्या लग्नातल्या शालूचा काठ कापून तिच्या पदराला लावला होता, खळीने चिकटवून. बारीक टाके घालावेत तशा ओळीने टिकल्या. कमळाच्या पाकळ्यांच्या टोकांना रुपेरी ठिपके. चेहऱ्याला मात्र कुठे हात लावलेला नाही. कुंकवाची टिकलीसुद्धा तिने वरून लावली नव्हती, रविवर्म्याने छापलेली तेवढीच. लहानपणी मी विचारलं होतं, मुकुटाला का नाही गं लावलं काही? तर म्हणाली, तोंडाच्या जवळ नको, हात हलला तर रूप बिघडेल. शालूचा काठ गेला म्हणून पणजीने बोल लावला होता म्हणे, पण तो आजीच्या सांगण्यात कधी फार वेळ टिकला नाही. टिकल्या कुठून आणल्या, खळ कशी केली, कडा उसवू नयेत म्हणून आधी काय केलं, हे ती जास्त रंगून सांगायची. रविवर्मा हे नाव तिला ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. विचारायचं सुचलं नाही.

इनॅमलचं एक बरं असतं, रंग उडत नाही. फ्रान्समधल्या लिमोजच्या सोळाव्या शतकातल्या इनॅमलच्या पाट्या आजही कालच भट्टीतून काढल्यासारख्या दिसतात. आजीची जर काळी पडली. कागदही तपकिरी झाला, काचेच्या आत कोपऱ्यांत बुरशीची नक्षी उमटली. काकांनी एकदा बाजारातून नवी चकचकीत लक्ष्मी आणली आणि जुनी उतरवायला स्टूल घेतलं. आजी माजघरातून म्हणाली, "नवी खुशाल लावा. पण आधी माझी किनार सोडवून द्या मला."

काकांनी चौकट खाली घेतली, मागचे खिळे काढले, चाकूच्या टोकाने काठ उचलून बघितला. खळ पक्की बसलेली. काठ सुटेना, आणि जरा जोर लावला तर लक्ष्मीचा पदर फाटायला लागला.